मोहरीएवढे दात

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात बुटांचा खोका होता, आणि तो त्याने इतका जपून धरला होता की आत्याला वाटलं, आत मांजरीचं पिल्लू असणार.

"इथे माणसांचे दात बघतात," ती विणकामातून मान वर न करता म्हणाली. "जनावरांचा दवाखाना मागच्या गल्लीत."

"जनावरच आहे," तो म्हणाला. "पण त्याला आता दवाखान्याचा उपयोग नाही."

मी आतल्या खोलीत हात धूत होते. नळ बंद केला आणि दारात आले.

दवाखाना मूळचा बाबांचा. निवृत्त होताना त्यांनी तो माझ्याकडे सोपवला आणि सोबत आत्याही सोपवली. गेली बावीस वर्षं ती बाहेरच्या टेबलाशी बसते, लोकांना वेळा देते, रडणाऱ्या पोरांना गप्प करते आणि चेहऱ्यावरून कुणाचा कुठला दात दुखतोय ते मला आधीच सांगून ठेवते. दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर निघतं.

समोर उभा होता तो तिशीतला, उंच, जरासा वाकलेला. शर्टाच्या कॉलरवर पांढरी धूळ, केसांतही थोडी. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"माफ करा डॉक्टर, मी वेळ घेऊन आलेलो नाही. दातांचं सामान विकतात त्या दुकानातून आलो. माप घ्यायचं सिलिकॉन असतं ना... सगळ्यात पातळ, निळं? त्यांच्याकडचं संपलंय. शेवटचे दोन डबे तुम्ही नेलेत म्हणाले."

"नेलेत. पण ते माझ्या पेशंटसाठी."

"हाही पेशंटच," तो म्हणाला आणि त्याने खोक्याचं झाकण उचललं.

कापसाच्या गादीवर तळहाताएवढा एक दगड होता, मातकट, तांबूस. त्याच्या एका कडेला काहीतरी काळसर चमकत होतं. मी डोक्यावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि वाकले... आणि वाकूनच राहिले.

जबडा होता तो. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. वरचा आणि खालचा, किंचित उघडलेला. आणि दोन्हींत ओळीने बसलेले दात, मोहरीएवढे. इतके नेटके की मला माझ्याच पेशंटांची लाज वाटली.

"वय काय यांचं?" मी विचारलं.

"सात कोटी वर्षं. थोडं इकडेतिकडे."

"थोडं म्हणजे?"

"वीस-तीस लाख."

"आत्या," मी म्हटलं, "फॉर्मवर वयाचा रकाना जरा मोठा कर."

तो हसला. आणि हसता हसता त्याचा हात डाव्या गालाकडे गेला, लगेच खाली आला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं.

"खालची, मागून दुसरी," आत्या म्हणाली.

"काय?" तो म्हणाला.

"दाढ. किती दिवस दुखतेय?"

"नाही हो, ते... अधूनमधून." तो खोका बंद करू लागला. "मी फक्त सिलिकॉनसाठी आलो होतो."

"देते की," मी म्हटलं. "तुमच्या या पेशंटचं माप मी स्वतः घेऊन देते. पण आधी तुम्ही त्या खुर्चीत बसायचं."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. डायनासोरची हाडं उकरणारा माणूस, पण फासावर चढवताना एखाद्याचा होत असेल तसा त्याचा चेहरा झाला.

"दोघांचंही आजच?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"त्याचं आज. तुमची दाढ तीन वेळा तरी यायला लावणार."

वास्तविक रूट कॅनाल मी दोन खेपांतही उरकू शकले असते. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

तो जवळच्या संग्रहालयात काम करायचा. पण वर, जिथे लोक तिकीट काढून भले मोठे सांगाडे बघतात तिथे नाही. तळघरात. बाहेरून आलेल्या दगडांतून हाडं मोकळी करायची, ती जोडायची, त्यांच्यावरून तो प्राणी कसा जगला ते शोधायचं, हे त्याचं काम. आत्याने पहिल्याच दिवशी त्याला 'दगडवाले' असं नाव देऊन टाकलं आणि वेळांच्या वहीतही तसंच लिहिलं.

पहिल्या खेपेला भुलीची सुई पाहून त्याने खुर्चीचे दोन्ही हात असे धरले की मला त्या खुर्चीची काळजी वाटली.

"बोलत राहा," मी म्हटलं. "लक्ष दुसरीकडे लागतं. त्यांच्या दातांचं सांगा."

"कुणाच्या?"

"तुमच्या मंडळींच्या."

त्याने डोळे मिटले. "त्यांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. काहींचे तर महिन्या-दोन महिन्यांनी. एक झिजला की खालून दुसरा तयार."

"म्हणजे त्यांना माझी गरजच नव्हती."

"नव्हती."

"म्हणूनच संपले असतील."

त्याने एक डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मी सुई टोचली. त्याला कळलंसुद्धा नाही.

"आणखी काय काय कळतं हाडांवरून?"

"पुष्कळ. हाड आडवं कापलं की आत झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. किती वर्षं जगला, कुठल्या वर्षी खायचे वांधे झाले, ते मोजता येतं. मोडलेलं हाड जुळून आलेलं असलं की कळतं, लंगडत लंगडत का होईना, पुढे जगला. कुणी चावलं तर दातांच्या खुणा. मला एकदा एक बरग... बगर..." त्याची जीभ जड व्हायला लागली होती. "बगरडी... शापडली..."

"बरगडी सापडली."

"हो. शाहा ठिकाणी... चावलेली. तरी ज्युळून आली."

"तोंड उघडा," मी म्हटलं. हसू आवरण्यासाठी मास्क फार सोयीचा असतो.

मग अर्धा तास त्याला बोलता येईना, आणि मला मात्र भरपूर बोलता येत होतं. इतकी वर्षं लोकांच्या उघड्या तोंडांशी बोलून मला त्यांचे हुंकार ओळखायची सवय आहे. पण त्याचे हुंकार निराळे होते. मी विचारलं, "तळघरात एकटेच असता?" तर एक लांबलचक हुंकार. "कंटाळा येत नाही?" तर आखूड. "घरी कोण कोण?" तर त्याने हाताची दोन बोटं वर केली.

"आई आणि बाबा?"

हुंकार.

"बायको?"

त्याने मान हलवायचा प्रयत्न केला. "हलू नका," मी घाईने म्हटलं. दिव्याच्या गोल उजेडात त्याचे कान लाल झालेले मला स्पष्ट दिसत होते. बाहेर आत्याच्या सुया चालायच्या थांबल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला मी दाढ भरली, घासून घेतली, कॅपसाठी त्याच्या दोन्ही जबड्यांचं माप घेतलं आणि वर तात्पुरती कॅप बसवली. जाताना तो दारात घुटमळला.

"तुम्ही माझं सगळं तोंड पाहिलंत," तो म्हणाला. "आता तुम्ही... म्हणजे वेळ असेल तर... माझी कामाची जागा पाहायला याल?"

"हे कोणी कुणाला असं विचारत नाही," आत्या टेबलामागून म्हणाली. "पण जाईल ती. गुरुवारी दुपारी मोकळी आहे."

तळघरात वाळूचा आणि ओल्या प्लास्टरचा वास होता. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेले दगड, प्रत्येकावर नंबर. मधल्या टेबलावर दिवा, सूक्ष्मदर्शक आणि कापडावर ओळीने मांडलेली हत्यारं. मी त्यातलं एक उचललं.

"हे आमचं आहे. किडलेला दात खरवडायचं."

"ठाऊक आहे. याच्याइतकं चांगलं काही मिळत नाही."

"म्हणजे आपण दोघं एकाच दुकानाची गिऱ्हाईकं."

"कित्येक वर्षं असणार," तो म्हणाला. "गाठ मात्र आता पडली."

त्याने मला स्टुलावर बसवलं आणि एक बारीक सुई हातात दिली. भिंगाखाली एका मणक्याचा कोपरा दगडातून वर येत होता. मी एकेक कण उकरत गेले. मला वाटलं होतं तो मध्ये मध्ये सूचना देईल. पण तो नुसता शेजारी उभा राहून पाहत होता, आणि कण उडाला की हलकेच फुंकर मारत होता. एकदा ती फुंकर माझ्या मनगटावर आली. पुढचे दोन कण मी अगदीच वाकडे उकरले.

मग त्याने त्या लहानग्या जबड्याची हकीकत सांगितली. आवाज आपोआप खाली आला त्याचा.

"जवळच पाला खाणाऱ्या मोठ्या डायनासोरची हाडं निघाली आहेत. बसएवढा प्राणी. मॅडमचं म्हणणं, हे त्याचंच पिल्लू असेल." मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. "पण नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं तर दात कोरे असते. हे झिजलेत. म्हणजे हा खात होता. बराच काळ खात होता. माझ्या मते हा मुळात एवढाच... कोंबडीएवढा. वेगळा प्राणी, आजवर कोणी न पाहिलेला."

"आणि तसं ठरलं तर?"

"तर माझी नोकरी पक्की होईल. सध्या वर्षावर्षाने वाढते, या वर्षअखेरीला संपतेय." त्याने चष्म्याची काच शर्टाला पुसली. "आणि शोधणाऱ्याला त्याचं नाव ठेवता येतं."

"ठरलंय नाव?"

"ठरलंय."

"काय?"

"पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर जाहीर करायचंय. तोवर... नाही सांगता यायचं." त्याचे कान पुन्हा लाल झाले. मला वाटलं, तळघरात उकडतंय म्हणून.

त्या जबड्याच्या मापावरून मी आणखी एक साचा स्वतःसाठी करून ठेवला होता. हौस म्हणून, दुसरं काही नाही. शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि मी टेबलावर त्याच्या, म्हणजे दगडवाल्यांच्या, दातांचा साचा काढून ठेवला. कॅप नीट बसते का ते पाहायचं होतं. शेजारीच तो चिमुकला जबडा पडला होता.

त्याला झोपेत दात खायची सवय असणार हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. काळजी करणाऱ्या माणसांना असते. अशा माणसांचे दात सपाट होतात, पण अन्नाने झिजतात तसे नाही. अन्नाने झिजलेल्या दातावर बारीक खड्डे पडतात, ओरखडे उठतात. दातावर दात घासून झालेली झीज आरशासारखी गुळगुळीत असते आणि वरच्या दाताची खालच्या दातावर डबीच्या झाकणासारखी बसते.

मी भिंग लावलं. त्याचा साचा पाहिला. मग उगाच, सहज, दुसरा पाहिला. मग पुन्हा पहिला.

दोन्हींवर एकच खूण होती.

वरचे दात खालच्या दातांवर अचूक बसत होते. गुळगुळीत. एकही ओरखडा नाही, एकही खड्डा नाही. मी अंगठ्याएवढे ते दोन जबडे मिटले, उघडले, मिटले. या जिवाने कधी पानाचा तुकडाही चावला नव्हता. नुसतेच दात दातांवर घासत राहिला होता. आणि काही न खाता दिवसचे दिवस जगायचं म्हटलं तर जागा एकच... अंडं.

पिल्लूच होतं ते. तेही अजून बाहेर न आलेलं. मॅडमचं बरोबर होतं. आणि त्याचा वेगळा प्राणी, त्याची पक्की नोकरी, त्याने ठरवलेलं ते नाव, सगळंच गेलं.

"काय झालं गं?" आत्या दारात उभी होती. "तोंड का उतरलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने विणकाम पिशवीत ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे तिला पटलं होतं.

"नाही सांगितलं तर?" मी म्हटलं. "कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"आणि आलं तर? चार माणसांत फजिती त्याची."

"पण मी सांगितलं तर... आत्या, तो पुन्हा येणारच नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. इतके दिवस मला जे कळलं नव्हतं ते तिला केव्हाच कळलं होतं, असं पाहिलं.

"किडलेला दात पेशंटला सांगत नाहीस का तू? हेही सांग," ती म्हणाली. "पण भूल देऊन सांग."

मला भूल देता आली नाही. सोमवारी तो कॅप बसवायला आला, खुर्चीत बसला, या खेपेला खुर्चीचे हातही धरले नाहीत. मी दोन्ही साचे त्याच्यासमोर ठेवले आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"हे तुमचे दात. हे त्याचे. झीज बघा."

तो पाहत राहिला. सुरुवातीला कुतूहलाने. मग भिंग हळूहळू खाली आलं.

"कोवळा पाला खात असेल," तो म्हणाला. "म्हणून ओरखडे नाहीत."

"पाला कितीही कोवळा असला तरी त्यावर धूळ असते, वाळू असते. काहीतरी उमटतंच. रोज बघते मी."

"तुम्ही माणसांचे दात बघता."

"हो. तुमचेही."

तो खुर्चीतून उठला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. चेहऱ्यावरचा सगळा उजेड कुणीतरी बटण दाबून काढून घेतल्यासारखा दिसला. "येतो मी," म्हणाला. कॅप डबीतच राहिली. जाताना आत्याचा निरोप घ्यायला विसरला नाही, म्हणून तर आणखीच वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी त्याची वेळ होती. तो आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. आत्या दर वेळी वहीत 'दगडवाले' लिहायची आणि संध्याकाळी पान उलटायची. मी दोनदा फोन हातात घेतला. काय बोलणार? दाढेबद्दल विचारलं असतं तर फक्त दाढेबद्दल विचारलं असं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एक साठीच्या बाई आल्या. पांढरे आखूड केस, खांद्याला जड पिशवी. त्यांनी सैल झालेली कवळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "ही तुम्हाला भेटायची सबब. घट्ट करून दिलीत तरी चालेल."

त्या मॅडम होत्या.

मी कवळीचं काम करत असताना त्या सांगत राहिल्या. जाहीर करायचा दिवस कालच झाला. पाहुणे आले होते, दुसऱ्या संग्रहालयांचे लोक आले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, मी जो नवा प्राणी सांगणार होतो तो नाही; माझी चूक एका दातांच्या डॉक्टरांनी दाखवली; आता आपल्यासमोर आहे ते अंड्यातलं पिल्लू.

"असं जगात पूर्वी एखाद-दोनदा दिसलंय, त्याच्या लक्षात यायला हवं होतं. तेही त्याने स्वतःच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "गेले पंधरा दिवस तो त्या दगडाच्या मागे लागला होता. आणखी उकरलं, इस्पितळात नेऊन आतले फोटो काढले. नुसता तुमच्या शब्दावर विसंबून नाही बसला."

"बसायलाही नको होतं," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही. "रागावलेत का ते?"

"तुमच्यावर?" मॅडमनी कवळी बसवली, दोनदा तोंड मिटून पाहिलं, आणि आता त्यांचं बोलणं स्वच्छ झालं. "मुली, त्या प्राण्याला तो कुणाचं नाव देणार होता ठाऊक आहे? कागद माझ्याकडे आला होता. पहिल्या पानावर होतं. तुझं."

माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. बाहेर आत्या म्हणाली, "पडू दे, फुटत नाही तो."

चार वाजता मी पिशवी भरली. कॅपची डबी, सिमेंट, कापूस, आरसा, दोन हत्यारं. आत्याने न विचारता उरलेल्या दोन पेशंटांना फोन करून सोमवारची वेळ दिली.

तो तळघरात भिंगावर वाकलेला होता. दाढी वाढली होती. मला पाहून तो उठला आणि स्टूल पडलं.

"तात्पुरती कॅप पंधरा दिवस ठेवायची असते," मी म्हटलं. "महिना होत आला. पेशंट पळून गेला तर डॉक्टरने काय करायचं?"

"ती मागच्या आठवड्यात निघाली," तो अपराधी आवाजात म्हणाला. "मी येणार होतो. पण... तुमच्यासमोर काय तोंड घेऊन येणार होतो?"

"हेच. मला दुसरं लागत नाही. बसा."

त्याने निमूटपणे स्टूल सरळ केलं. कामाचा दिवा मी त्याच्या चेहऱ्याकडे वळवला. दाढ स्वच्छ केली, कोरडी केली, कॅप बसवून पाहिली, सिमेंट भरलं, कापूस ठेवला. इतक्या जवळून मी रोज वीस चेहरे पाहते. आज माझा मास्क वर-खाली होत होता आणि तो ते पाहत होता.

"दहा मिनिटं दात मिटून ठेवायचे," मी म्हटलं. "बोलायचं नाही."

त्याने मान डोलावली आणि बोटाने सूक्ष्मदर्शकाकडे खूण केली.

मी डोळा लावला. दगडात आता पिल्लू दिसत होतं. पाठीचा कणा कमानीसारखा वळलेला, शेपूट पोटाशी, डोकं गुडघ्यांत घातल्यासारखं. आणि कण्याच्या बाहेरून एक नाजूक, वाकडी रेघ गेली होती, कांद्याच्या सालीइतकी पातळ. कवच. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. सात कोटी वर्षांपूर्वी त्या अंधारात हे एवढंसं काहीतरी तोंड उघडत होतं, मिटत होतं. समोर खायला काही नसताना.

माझ्यामागे त्याने कापूस काढल्याचं मला कळलं.

"सराव करत होतं," तो हळूच म्हणाला. "बाहेर येऊन पहिल्याच दिवशी चावता यावं म्हणून. पोटातलं बाळ पाय मारतं ना... तसं. हे मला कळलंच नसतं. मला नवा प्राणी हवा होता, म्हणून मी समोरचं पाहिलंच नाही."

"नोकरीचं काय?"

"पक्की नाही. पण मॅडमनी आणखी एक वर्ष मिळवलंय. त्या जागी अजून दगड आहेत, अख्खं घरटं असू शकतं." त्याने कापूस टेबलावर ठेवला. "त्याचं नाही वाईट वाटलं मला. नावाचं वाटलं."

"मॅडमनी सांगितलं मला," मी अजून डोळा भिंगाला लावूनच म्हटलं.

मागे स्टूल करकरलं.

"सांगितलं त्यांनी..." तो म्हणाला. "मग आता काय उरलं. मला वाटलं होतं, एकदा नाव जाहीर झालं की आपोआप कळेल. मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही. ते मला जमत नाही."

मी वळले. "तोंड आत्ताच दुरुस्त केलंय. बघा जमतं का."

तो टेबलाची कड धरून उभा राहिला, पहिल्या दिवशी खुर्ची धरली होती तशी घट्ट.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून, असं नाही म्हणत. पहिल्या दिवशी मला सिलिकॉन हवं होतं. दुसऱ्या खेपेपासून. त्या दिवशी तुम्ही मला ते दोन साचे दाखवलेत ना, तेव्हा मी घरी जाऊन खूप वेळ नुसता बसून राहिलो. मग वाटलं, हे सांगताना यांनी नेहमीसारखी एकही थट्टा केली नाही. म्हणजे यांनाही सोपं नव्हतं. आणि तरी सांगितलं. त्यानंतर तर... मग काही इलाजच राहिला नाही."

मला डोळ्यांत पाणी आलेलं आवडत नाही, कामात अडचण होते. पण काम संपलं होतं.

"मला आधी तो आवडला," मी दगडाकडे बोट करून म्हटलं. "मग त्याला इतकं जपून आणणारा माणूस. आणि दाढ दोन खेपांत झाली असती. तीन मी मुद्दाम लावल्या."

मग त्याने हात पुढे केला. त्याच्या बोटांना प्लास्टर होतं आणि माझ्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास. ती बोटं एकमेकांत गेली तेव्हा कुणालाच त्याची अडचण वाटली नाही.

वरच्या मजल्यावर संग्रहालय बंद होत असल्याची घंटा झाली. आम्ही दिवा मालवला आणि जिना चढलो. बाहेर अजून चांगला उजेड होता. पायऱ्यांवर तो थांबला.

"उद्या?" त्याने विचारलं.

"उद्या रविवार. दवाखाना बंद."

"म्हणून तर विचारतोय. येऊ?"

"ये," मी म्हटलं.

तो दोन पायऱ्या उतरला, थबकला आणि मागे वळला. "काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला," मी म्हटलं.